सॅन्टनमामाच्या आहेरातली केळी

सॅन्टनमामा, तुला चांगलं म्हणणारे सांडोरात पुष्कळ आहेत. मीही म्हणते. पण माझं ऐकून घे.

गावातल्या निम्म्या पोरींचा तू बाप्तिस्म्यातला धर्मपिता. लग्नात तुझा आहेर ठरलेला: तुझ्या वाडीतल्या केळीची पिल्लं, बुंध्यापासून मातीसकट खणून पोत्यात बांधलेली. सासरच्या वाडीत ती लावली की पोरीचं माहेर तिथे रुजलं, असं तू म्हणायचास.

एकावन्नच्या मे महिन्यात तुझी धर्मकन्या रेजिना असंच पोतं घेऊन अर्नाळ्याकडे सासरी गेली. त्या घराचं सगळं पोट केळीवर. दिवाळीच्या सुमारास तुझ्याच वाडीत पानं पिवळी पडू लागली. मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. एक बुंधा कापला, तर आत तांबूस-काळी कडी आणि मुळं कुजलेली.

"पाणी जास्त झालं, बाय."

"मूळकुज आहे, मामा. बुरशी."

"कुठाय? दाखव."

डोळ्यांना न दिसणारी बुरशी दाखवणार काय, कपाळ! शेवटी हातातल्या मासिकातलं पांडाचं चित्र तुझ्यापुढे धरलं. "हा चीनमधला. बांबूशिवाय फारसं काही खात नाही."

"हा तर मठातली सिस्टर दिसतो!" तू खो खो हसलास. "केवढं धूड!"

"धूड आहे म्हणून दिसतं तरी. वाडीत शिरलं तर काठी घेऊन धावशील. आणि बांबू संपला की ते उपाशी मरतं. तुझी ही बुरशी केळी संपली तरी मरत नाही. मातीत पडून राहते, वर्षानुवर्षं, पुढच्या मुळाची वाट बघत."

तुझं हसू थांबलं. "मातीत?"

"रेजिनाच्या पोत्यातल्यासुद्धा."

"पिल्लं हिरवीगार होती गं."

"सुरुवातीला हिरवीच दिसतात."

"दिलेला आहेर उपटून आणू? पोरीला काय काय ऐकून घ्यावं लागेल!"

"आणि वाडी गेली म्हणजे?"

रविवारी मिस्सा झाल्यावर दोघांनी जायचं, पिल्लं मातीसकट काढून जाळायची, असं ठरलं. मी घासलेटची बाटली घेऊन चर्चच्या मोठ्या दारात उभी, आणि तू बाजूच्या दाराने पसार. पुढच्या रविवारी म्हणे सण होता.

नाताळात रेजिनाचा निरोप आला: मामांची केळी छान लागली, नवी पिल्लं फुटली, सासऱ्यांनी ती शेजारच्या वाड्यांतही वाटली.

तो मी तुला जसाच्या तसा सांगितला. "येत्या रविवारी नक्की जाऊ, बाय," म्हणालास.

गेलो नाही.