दाभोळची अमेरिकन किटली

ती किटली आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी रत्नागिरीत निरीक्षक असताना एका खासगी संग्रहालयातून चांदीची अमेरिकन किटली चोरीला गेल्याची तक्रार आली. पंचनाम्यात कपाटाची काच आणि कुलूप शाबूत दिसलं. संचालकांनी फोटो दाखवला. तिकडचे जुने कारागीर नाणी वितळवून अशी भांडी घडवत आणि तळाशी स्वतःचा ठसा मारत. तिकडच्या संग्रहालयांत ती मानाने मांडलेली असतात, असं ते म्हणाले.

किल्ली संग्रहालयाच्या शिपायाकडे असायची, म्हणून संशय त्याच्यावर. दुपारभर त्याची चौकशी केली. पुसायला कपाट उघडलं आणि मध्येच फोन आला म्हणून बाहेर गेलो, यापलीकडे तो काही सांगेना. त्याची बायको डबा घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसली होती. तिच्याकडे त्याला बघवत नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या एका मासळीवाल्या खबऱ्याने कळवलं, दाभोळला एका लग्नात नवऱ्या मुलाला परदेशी चांदीच्या किटलीतून दूध दिलं. महिला हवालदाराला घेऊन मी साध्या कपड्यांत गेलो.

घर एका खलाशाच्या विधवेचं होतं. नातीचं लग्न नुकतंच झालेलं. मी विचारताच तिने फडक्यात गुंडाळलेली किटली आणून पुढ्यात ठेवली.

"खाला, ही संग्रहालयातून तुम्ही आणलीत?"

"आणली. माझीच हाय."

निकाहानंतरच्या पहिल्या सफरीत नवऱ्याने अमेरिकेतल्या बंदरावर ती खास तिच्यासाठी घेतली होती. तो वारल्यावर, बापाचं नाव राहावं म्हणून कुवेतला असलेल्या मुलाने ती संग्रहालयाला भेट दिली. लग्नापुरती तरी द्या म्हणून खाला मागायला गेली, तर दिलेली वस्तू परत मिळत नाही असं उत्तर मिळालं. निघताना कपाट उघडं दिसलं, जवळ कोणी नव्हतं, तशी तिने ती उचलून आणली.

"पोराने देऊन टाकलीन," ती म्हणाली. "मला कोणी विचारलान?"

शिपायावर बालंट आलंय हे तिला ठाऊकच नव्हतं. मी सांगताच तिने बुरखा चढवला आणि आमच्याच जीपमधून ठाण्यात आली. शिपायाला त्या दिवशी पुन्हा चौकशीला बोलावलेलं होतं. जबाब देण्याआधी त्याचे हात धरून तिने माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे, चाची."

आईला न विचारताच किटली दिली होती, हे मुलानेही फोनवर कबूल केलं. अप्रामाणिक हेतू नव्हता. तक्रार गैरसमजातून झाली, गुन्हा घडलेला नाही, असा 'क' समरी अहवाल न्यायालयात पाठवून प्रकरण मिटवलं. पुढे संचालक स्वतः दाभोळला जाऊन आले. घरातल्या लग्नाला किटली मिळेल, या बोलीवर खालाने ती आपल्या हाताने त्यांना दिली.

चोरीच्या तक्रारीत आम्ही आधी विचारतो, वस्तू कोणी नेली? त्यानंतरच्या माझ्या सगळ्या नोकरीत मी आधी विचारत आलो, वस्तू कोणाची?