शेडनेटखालचं प्रवाळ

आमच्या साडूंइतका धीराचा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्या धीराची सर्वांत जास्त परीक्षा घेणारा मीच असल्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. प्रकाशा गावाजवळ त्यांची केळीची बाग. इथून समुद्र गाठायचा तर दिवस मोडतो, पण यांच्या बैठकीत टीव्हीच्या जागी समुद्रच नांदतो: काचेची टाकी, तोलूनमापून खारं केलेलं पाणी आणि मधोमध आळंब्यासारखं मऊ प्रवाळ. लेक समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायला कोचीला गेली, ती हे वडिलांच्या हवाली करून. तेव्हापासून पाहुण्याला चहाआधी प्रवाळाची तब्येत ऐकावी लागते. घर पक्कं शाकाहारी. एकाने भाबडेपणाने "हाई रांधतस कसं?" विचारलं, तर साडू महिनाभर त्याच्या गल्लीतून गेले नाहीत.

लेक दिवाळीच्या लांब सुटीला येणार, त्याच्या महिनाभर आधी टाकीवरचा दिवा गेला. नवा आला तो दुप्पट प्रखर. मी म्हटलं, लावून टाका की. साडू दचकलेच. "टिश्यूकल्चरनं रोप आपण एकदम उनमा लावतस का, साडूभाऊ? हाई तर त्यानापेक्षा नाजूक शे!" आणि त्यांनी रोपवाटिकेत केळीची कोवळी रोपं उन्हापासून झाकायचं हिरवं शेडनेट आणून दिव्याखाली चार पदर बांधले. आठवड्याला एक पदर काढायचा, म्हणजे प्रवाळाला उजेडाची सवय होईल.

दोन पदर उरलेले असताना ते एका बारशाला शहाद्याला गेले आणि टाकी माझ्यावर सोपवली. मला वाटलं, लेकीला टाकी झगमगताना दिसू दे. दोन्ही पदर काढले. संध्याकाळपर्यंत प्रवाळाने अंग चोरलं, तंतू आत ओढले, रंग उडाला. साडूंनी येऊन पाहिलं आणि चारही पदर पुन्हा बांधले. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

लेक आली ती थेट टाकीपाशी. मिटलेलं प्रवाळ पाहून तिचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, तोच साडू म्हणाले, "मन्हाकडथीन चूक व्हयनी, बेटा." माझी चूक त्यांनी स्वतःवर घेतली; मी आयुष्यात इतका ओशाळलो नव्हतो. तिने जाळीचे पदर मोजले. "पप्पा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"केळीस्नी," साडू म्हणाले.

सुटी संपता संपता शेवटचा पदर निघाला आणि प्रवाळ असं फुललं, की शेजारपाजारचे बघायला आले. लेकीने कॉलेजसाठी त्यातला एक तुकडा मागितला. काचेला कुणाचं बोट लागू न देणाऱ्या या माणसाने स्वतः ब्लेड घेतलं, कडेचा तुकडा कापला आणि पाण्याच्या पिशवीत घालून तिच्या हातात दिला. असा माणूस माझा साडू आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता ते पाहुण्यांना फुललेली बाजू दाखवतच नाहीत. काचेबाहेरून कापलेल्या कडेकडे बोट दाखवतात. "आठला तुकडा मन्ही पोर लई गयी," म्हणजे इथला तुकडा माझी पोर घेऊन गेली, एवढं म्हणतात, आणि मग स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसत बसतात.