अक्काचे बॅक्टेरिया

आमच्या लॅबमध्ये झाकण लावून विसरलं की काहीही वाढतं. किस्सेसुद्धा. कोल्हापूरभर सांगत फिरतो, तरी उरतातच.

रानातल्या जनावरांच्या शेणातले बॅक्टेरिया लवंगेच्या, गवती चहाच्या तेलाने मरतात का, हे माझी थोरली बहीण शोधायची. मी दहावी नापास, तिचा ड्रायव्हर. दोन महिन्यांपूर्वी अक्का गेली. मागे फ्रीजरमध्ये तिचे बॅक्टेरिया राहिले, आणि नेमका तोच फ्रीजर बंद पडला. त्यातलं काही जिवंत आहे का, एवढंच मला कळायला हवं होतं. पण आधी ती होती तेव्हाचं सांगतो.

*

गारगोटीच्या पुढे रानात आम्ही गव्याचं शेण डबीत भरत होतो. एक मामा बराच वेळ बघत उभे होते.

"पावणं, शेणच पायजे तर आमच्या गोठ्यातलं न्या की. ताजं हाय."

"रानटी जनावराचंच पायजे, मामा," अक्का म्हणाली.

"मग आमची म्हस बघून तरी जावा."

*

सागर हा अक्काचा ज्युनिअर. वटवाघळांच्या झाडाखाली तो तोंड वर करून उभा राहिला. व्हायचं ते झालं. त्याने रुमाल काढला तशी अक्का ओरडली, "हलू नगंस, सॅम्पल हाय!" आणि त्याच्या कपाळावर कापसाची काडी फिरवली.

लॅबच्या प्रमुख मॅडमनी ते सॅम्पल टाकून दिलं. "यात वटवाघूळ किती आणि सागर किती, हे कोण ठरवणार?"

*

आमची गाडी गॅरेजात होती त्या दिवशी, कोडोलीच्या एसटीत अक्काच्या पिशवीत लवंग तेलाची बाटली सांडली. गाडीभर वास. कंडक्टर म्हणाला, "कुणाची दाढ दुखतीया?"

मागून तिघांनी हात वर केले.

*

गेल्या आठवड्यात सागरने फ्रीजरमधल्या कुप्यांतलं थोडं थोडं बॅक्टेरिया वाढवायच्या प्लेटांवर पसरलं. बाकी सगळं मेलेलं. गव्याचे तेवढे उगवले, पांढरे ठिपके. मी लॅबभर नाचलो.

मग ते नव्या प्लेटवर पसरून सागर चिमट्यात तेलात बुडवलेली कागदाची चकती घेऊन आला. मी प्लेट उचलून पोटाशी धरली.

"दे की लेका. टेस्ट करायची हाय."

"मारायला जगवलंस व्हय रं?"

"अक्कानं तरी कशापायी जपल्यात? ह्याच्यापायीच की."

मी काही प्लेट सोडेना. मॅडमनी दुसऱ्या प्लेटवर तेच बॅक्टेरिया पसरले, झाकण लावलं आणि माझ्यापुढे धरली.

"प्रत्येक टेस्टला एक प्लेट बिनतेलाची ठेवावीच लागते. ही तुझी. ती सागरला दे."

दुसऱ्या दिवशी सागरच्या प्लेटमध्ये चकतीभोवती स्वच्छ गोल कडं पडलं होतं, तेवढ्यातले बॅक्टेरिया मेले होते. अक्काचं तेल पास! सगळे तिथे गोळा झाले.

माझी प्लेट काठोकाठ भरली होती.