मंजुषावहिनींचा निर्जळा उपास

पांढरकवड्याच्या तहसील कचेरीत मंजुषावहिनींच्या टेबलावर फायलींच्या आधी माठ दिसायचा. बाकी कारकुनांची टेबलं धुळीवरून ओळखू यायची, वहिनींचं ओलाव्यावरून. राळेगावला बदली झाली तेव्हा साहेब कसा आहे, खोली कुठे मिळेल, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. नळाला पाणी असतं का आणि संडास टेबलापासून किती लांब, एवढंच विचारलं. एसटीचे कंडक्टर त्यांना पाहिलं की दाराजवळच्या माणसाला उठवायचे. गाडी मध्येच कुठेतरी थांबवावी लागणार, हे त्यांनी नशिबासारखं स्वीकारलं होतं.

त्यांचे यजमान नरहरपंत भूगोलाचे मास्तर. लग्न ठरलं तेव्हा मुलीला स्वयंपाक येतो, गाणं येतं, असं सांगण्यात आलं होतं. ती दिवसाला दोन बादल्या पाणी पिते, हे कोणी बोललं नाही. "माझी बायको म्हणजे बारमाही नदी आहे," असं पंत अभिमानानं सांगत. रात्री ती चार वेळा उठायची म्हणून यांचीही झोप मोडायची. त्याबद्दल मात्र त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर दिवसा वर्गात का डुलक्या घेतात याचा खुलासा करावा लागला असता.

वहिनींना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती हरतालिकेला हवी होती.

लहानपणी यवतमाळला आत्याकडे साऱ्या पोरी जमायच्या. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, रात्री फुगड्या, जागरण. दुसऱ्या दिवशी सकाळी उपास सुटला की बायका तो पहिला घोट घ्यायच्या आणि डोळे मिटून म्हणायच्या, "हाय गं, जिवात जीव आला." एका वर्षी छोट्या मंजूनंही हट्टानं उपास धरला. दुपार टळेपर्यंत तिनं कळ काढली, आणि मग पूजेतल्या कलशावरचा नारळ बाजूला ठेवून आतलं पाणी पिऊन टाकलं. आत्यांनी ही गोष्ट पुढे तीन पिढ्यांना सांगितली. वहिनीही हसायच्या. पण तो डोळे मिटून घेतलेला घोट त्यांच्या मनातून गेला नाही. त्यांनी जन्मात लाखो लिटर पाणी प्यायलं, पण जिवात जीव आलेला एकदाही कळला नाही. एक पेला संपायच्या आत दुसऱ्याची ओढ लागायची.

निवृत्त झाल्या त्या वर्षी त्यांनी कोणाला न सांगता निर्जळा उपास धरला. बसमध्ये बसायचं नव्हतं, कचेरी नव्हती, आता कोण अडवणार होतं?

संध्याकाळी शेजारणी पूजेला जमल्या, तेव्हा वहिनींचे डोळे लाल होते आणि जीभ जड झाली होती. एकीच्या प्रश्नाचं उत्तर दुसरीला देत होत्या. पुढच्या गल्लीतल्या मथुराबाईंनी ते पाहिलं आणि हात जोडले.

"अंगात आली माय. गौर आली मंजुषाताईच्या अंगात."

झालं. वहिनींना पाटावर बसवून कपाळभर कुंकू लावण्यात आलं. मथुराबाई पुढे सरकल्या. "माय, आमच्या निकिताचं जमून राह्यलं वर्ध्याचं. मुलगा बरा आहे का?"

"पाणी," वहिनी म्हणाल्या.

"पाण्याच्या खात्यात आहे म्हणते," मथुराबाईंनी बाकीच्यांना अर्थ सांगितला.

वहिनी भेलकांडत उठल्या आणि न्हाणीघराकडे गेल्या. सकाळपासूनची ही त्यांची कितवी खेप, ते पंतांच्या ध्यानात होतं, आणि घरातला माठ सकाळपासून भरलेलाच होता. दारात उभ्या राहिलेल्या पंतांना जन्मभराचा भूगोल तेव्हा कामी आला. आवक बंद, आणि विसर्ग तसाच चालू. धरण कोरडं पडायला वेळ लागणार नव्हता. त्यांनी देवीला सरळ उचलून गाडीत घातलं आणि यवतमाळ गाठलं.

रक्तातलं मीठ भयंकर चढलं होतं. शिरेतून साखरेचं पाणी अगदी हळू चढवलं, तेव्हा चौथ्या दिवशी वहिनी नीट बोलू लागल्या. मग पुढच्या तपासण्या झाल्या, रक्त नागपूरला गेलं, आणि डॉक्टर मितालीनं, जी पंतांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली, दोघांना समोर बसवलं.

"सर, मूत्रपिंडातल्या नळ्यांमध्ये पाण्याची इवली इवली दारं असतात. प्रथिनांची. त्यातून फक्त पाणीच जातं, दुसरं काही नाही. शरीरात पाणी कमी झालं की मेंदू हुकूम सोडतो, ही दारं नळीच्या भिंतीत येऊन बसतात, आणि वाहून चाललेलं पाणी परत रक्तात येते. काकूंचा मेंदू हुकूम सोडून राहिला. पण यांची ती दारं जन्मतःच वाकडी घडलेली. आतच अडकून पडतात, भिंतीपर्यंत येतच नाहीत. आई आणि वडील, दोघांकडूनही तशीच आली."

"म्हणजे मी हावरी नव्हते," वहिनी म्हणाल्या.

"नाही हो काकू. तुम्ही पाणी प्यायलात म्हणूनच जगलात."

मिठावर बंधन आलं. गोळी दिली ती लघवी वाढवणारी. यावर पंतांनी मास्तरी आवाजात हरकत घेतली, पण मितालीनं सांगितलं की या आजारात ती उलट वागते. तशी ती वागलीही. दोन बादल्यांची एक झाली.

"आता उपास जमेल ना?" वहिनींनी विचारलं. "निर्जळा. एकदाच."

"कधीच नाही, काकू."

परतताना वहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या. पंतांनी बारमाही नदीचा विनोद केला नाही.

यंदा हरतालिका आली तशी पंत म्हणाले, "उपास मी धरतो."

"अहो, हा बायका नवऱ्यासाठी धरतात."

"मग नवरा स्वतःच धरून राहिला. मध्ये दलाल कशाला?"

मथुराबाईंनी पदरात तोंड लपवलं. चहाशिवाय ज्यांचा तास उलटत नाही, ते पंत दुपारी पंख्याखाली आडवे पडले. शेजारी नळ सुटला की कूस बदलायचे. दिवेलागणीला त्यांचा आवाज घोगरा झाला होता.

"मंजू, तुला रोज असंच वाटते?"

"पिऊनही वाटते."



सकाळी पूजा उतरली. वहिनींनी तांब्याभर पाणी आणि पेला आणला आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या. पंतांनी एक पेला घटाघटा प्यायला. दुसरा अर्ध्यावर खाली ठेवला.

"बस."

"बस म्हणजे? अजून नको?"

"नको. गेली तहान."

"कशी गेली? घशातून जाते की पोटातून?"

ज्यांनी तीस वर्षं पोरांना मान्सून समजावला, ते मास्तर विचारात पडले. "आधी घसा थंड होते," ते म्हणाले. "मग पोट. मग तहान लागली होती, याची आठवणच राहत नाही."

"आठवणच राहत नाही," वहिनी हळूच म्हणाल्या.

त्यांनी पंतांचा अर्धा पेला उचलला, डोळे मिटले आणि सावकाश प्यायला. थोडा वेळ तशाच बसून राहिल्या, वाट पाहत. मग तांब्यात उरलेलं पाणी त्यांनी पेल्यात ओतलं.