आप्पांची दाद

छोट्या सभागृहात एक बाई जर्मन गाणी गात होत्या. साथीला नुसती गिटार. शब्द आम्हाला कळत नव्हतेच. तिसऱ्या गाण्यात त्यांचा आवाज एका सुरावर अलगद टेकला आणि शेजारी बसलेले माझे वडील, आप्पा, सवयीने म्हणून गेले, "वाऽ!"

माना वळल्या. मी त्यांचा हात दाबला. "आप्पा, इथे मध्येच बोलायचं नसतं."

"बरं," म्हणाले आणि मान खाली घालून बसले.

मग मलाच चैन पडेना. आलेली दाद माणसाने कुठे ठेवायची? शेवटी टाळ्या झाल्या, भरपूर, शिस्तीत. पण त्याआधी, तशी सुंदर जागा आली की दर वेळी बाई आमच्या रांगेकडे बघत होत्या.

आप्पांनी मान वर केली नाही.