आई उभी आणि काट्यावर शून्य

चादर पिळायला दोन माणसं लागतात. मी एकटीच तिच्याशी झटत होते, अर्धी पिळून झाली होती, तेवढ्यात दार वाजलं. दारात एक बाई. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर भली मोठी पिशवी, काखेत उंची मोजायची घडीची फळी. तिने ओझं खाली ठेवलं, न विचारता चादरीचं दुसरं टोक धरलं आणि असा पीळ दिला की धारच लागली. मग म्हणाली, "काकू, वरच्या आजी घरी आहेत का हो?"

ही आरोग्य पाहणीवाली. देशभर घरोघर जाऊन माणसांची उंची, वजन, रक्त तपासतात, दुखणीखुपणी विचारतात, त्यांतली. गल्लीत तिचं नाव काटेवाली पडलंय. देवाने माणसं एका मापाची का नाही घडवली, हे मला लहानपणापासूनचं कोडं. ही तर रोज तेच मोजत फिरते. खिडकीतून तिला येता-जाता बघून माझा जीव कुतूहलाने नुसता टांगणीला लागला होता.

"आधी माझं मोज," मी म्हटलं. "गुडघे, पित्त, सगळं सांगते."

"तुमचं घर नाही आलं, काकू. घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निघतात. बदलता येत नाहीत."

"अगं, मी आपणहून तयार आहे की!"

"तीच तर अडचण आहे. हौसेने येणाऱ्यांनाच मोजलं तर सगळा देश तुमच्यासारख्या बोलक्या बायकांचा निघेल."

रागवायला हवं होतं, पण हसूच आलं. पाणी दिलं तर अर्धाच पेला प्यायली. दिवसभर परक्या घरांतून फिरायचं, तेव्हा पाणीही बेतानंच, म्हणाली. आधी शिवणकाम करायची, मापाचा हात तिथलाच. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दर घरी आधी 'चालेल ना?' विचारून सही घ्यायची इतकी सवय झालीय की भाजी वाढतानाही तेच तोंडी येतं, आणि नवरा म्हणतो, "सही कुठे करू?"

वर वायरमन राहतो. तो, त्याची आई, बायको आणि तान्हं बाळ. त्या घराने हिला दोनदा दारातूनच परत पाठवलं होतं. आजची फेरी शेवटची. आजही नाही म्हणाले तर ते घर कोरंच राहणार. मला मात्र घोर होता तो सुनेचा. परवा जिन्यात टेकून बसली होती बिचारी. म्हणाली, "काकू, बाळ वाढत नाहीये का हो? आई म्हणतात, माझ्या दुधातच जोर नाही." तिला बाळाचं वजन करून हवं होतं. सासूला नको होतं. कमी आकडा निघाला की चारचौघांत बभ्रा होतो, असं तिचं म्हणणं.

मी काटेवालीबरोबर वर गेले. आजीने दार अर्धंच उघडलं.

"बाळ झोपलंय."

आतून बाळाने असा टाहो फोडला की काय सांगू.

"झोपेत रडतो तो," आजी म्हणाली.

काटेवाली हसली नाही. "आजी, तुम्ही नाही म्हणू शकता, मी जाईन. पण इथला आकडा तुमच्या नावानिशी बाहेर जात नाही, एवढं सांगते."

आतून सून म्हणाली, "आई, एकदा बघू या ना. माझा जीव थाऱ्यावर नाही."

आजीने माझ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "ये बाई. त्याला गार लागू देऊ नकोस म्हणजे झालं."

काटेवालीने सगळी फरशी पायाने चाचपली. एक डुगडुगत होती, ती सोडून काटा दाराजवळ मांडला. सुनेला उभं केलं, आकडा टिपला आणि कसलंसं बटण दाबलं. काट्यावर शून्य.

"अगंबाई! मी उभी आहे आणि शून्य?"

"आता बाळाला घ्या. काट्याने तुमचं वजन वजा केलं, आता दिसेल ते फक्त बाळाचं."

"बाळ झाल्यापासून सगळे तेच करतायत," सून म्हणाली. आम्ही दोघी हसलो. आजी हसली नाही.

आकडा आला. काटेवालीने तक्त्यात पाहिलं. "वयाच्या मानाने छान आहे."

"म्हटलं नव्हतं मी?" आजी म्हणाली. "आमच्याकडची पोरं दिसायला बारीक, अंगाने भरीव!" मी छताकडे बघत राहिले.

मग काटेवालीला सुनेशी एकटीशी बोलायचं होतं. मी आणि आजी बाळाला घेऊन गॅलरीत. आजी कुजबुजली, "काय विचारत असेल गं एवढं?" मी मनात देवाचं नाव घेत होते, पण कान आतच होते. एक अक्षर कळलं नाही.

सून बाहेर आली, बोटावर कापूस दाबून.

"काय निघालं?" आजीने काटेवालीला विचारलं.

"रक्त त्यांचं आहे, आजी. सांगायचं की नाही, तेही त्यांनीच ठरवायचं."

सून भिंतीला टेकली. "आई, माझं रक्त फार कमी आहे. दवाखान्यात लगेच दाखवा म्हणतात. चिठ्ठी दिलीय."

बाळ आजीचा चष्मा ओढत होतं, तिने ओढू दिला.

"म्हणून जिन्यात बसतेस होय? मला वाटायचं, नखरे." मग माझ्याकडे वळून, "दवाखाना आत्ता उघडा असेल का गं?"

"असेल की."

"मग याला धर. आम्ही दोघी जाऊन येतो."

"आजी, तुमचं राहिलं," काटेवाली म्हणाली.

"चालेल, चालेल. आटप लवकर!" म्हणत आजी चपलांसकट काट्यावर चढली. मग उतरून, चपला काढून, पुन्हा चढली.

दोघी जिना उतरल्या. सून पुढे आणि आजीचा हात तिच्या दंडाला. काटेवालीने फळी मिटली.

"आता कुठे?" मी विचारलं.

"न्हाव्याच्या घरी, काकू. तो जेवायलाच तेवढा सापडतो."