हेल्मेटवरचा गंज

माझ्या नातीला नांदगाव पेठच्या कारखान्यातून सुटायचं होतं. तिथे ती पँटचे खिसे शिवायची. दिवसभर फक्त डावा खिसा. उजवा खिसा दुसरी बाई शिवायची. दोन वर्षं झाली, पण अख्खी पँट कशी तयार होते ते पोरीने पाहिलं नव्हतं.

मग तिने अर्ज केला आणि पुण्याच्या एका ऑफिसाने तिला विचारलं. मोबाईलवर बातम्या दाखवणारं ऑफिस. एक लढाईचा सिनेमा लागला होता, अगदी खऱ्या लढाईसारखा म्हणून त्याची बोंब झाली होती. तो पाहून बाहेर पडणाऱ्या लोकांची मतं अमरावतीत आणि अकोल्यात घे, व्हिडिओ पाठव, आम्हाला पसंत पडलं तर नोकरी देऊ, घरी बसून काम कर, असं त्यांनी सांगितलं.

"आजी, तू चाल माह्यासंगं," नात म्हणाली.

"मी काहून? मले काय समजते लढाईतलं?"

"कोनालेच नाई समजत. पन थेटरबाहेर एकटी पोट्टी मोबाईल घेऊन उभी रायली का लोकं मत सोडून नंबर द्याले लागतात. तू बाजूले असली तं नाई देत."

ते खरं होतं. माझं तोंड पाहून कोणी काही देत नाही आणि मागतही नाही. मी लुगडं बदललं आणि गेले.

सिनेमा बाहेरदेशातला होता, हिंदीत केलेला. माणसाचं तोंड मिटलं तरी आवाज चालूच. दहा-बारा फौजी एका घरात शिरले आणि खिडकीपाशी बसले. बसले ते बसलेच. एक जण दुर्बिणीतून गल्ली पाहत होता, बाकीचे त्याला पाहत होते आणि आम्ही त्या सगळ्यांना पाहत होतो. माझ्या शेजारचा माणूस घोरायला लागला तेव्हा मला त्याचं घोरणंही सिनेमातलंच वाटलं. मग एकदम असा धमाका झाला की तो माणूस "आलो, आलो" म्हणत उठून उभा राहिला. त्याला घरी कोणी हाक मारली असं वाटलं असावं.

धमाक्यानंतर एका पोराच्या तंगड्यांची जी दशा झाली ती मी पाहिली नाही. पाहवेना. तो ओरडत होता आणि मी त्याच्या तंगड्या सोडून डोक्याकडे पाहत बसले. बराच वेळ पाहिलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

कोण कोणाशी लढत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या मोहल्ल्यात नळावर भांडण झालं तर पाच मिनिटांत कळतं.

बाहेर आल्यावर नातीने लोकांना अडवायला सुरुवात केली. कॉलेजातला एक पोरगा म्हणाला, "एक नंबर. अंगावर काटा आला." दुसरा म्हणाला, "एकच नंबर. काटा आला अंगावर." तिसऱ्याने केसांवरून हात फिरवला, कॅमेऱ्यात स्वतःला पाहिलं आणि म्हणाला, "मस्त आहे. काटा येते." एक बाई म्हणाली, "आवाज लय मोठा हाय, लेकरू उठलं." तिच्या नवऱ्याला एखादं गाणं हवं होतं. तो म्हणाला, "फौजी सुट्टीवर जाते, घरी बायको असते, तिथं टाकता आलं असतं." घोरणारा म्हणाला, "खूपच वास्तववादी." तोच एक शब्द जरा वेगळा, आणि तो झोपलेल्या माणसाचा.

नात रडकुंडीला आली. "आजी, सगळ्यायले काटाच येऊन राह्यला. हे पाठवलं तं मी जनमभर डावा खिसाच शिवीन. तू बोल काहीतरी."

"खरं बोलू?"

"बोल."

मी बोलले. कॅमेऱ्याकडे न पाहता, कारण ऊन डोळ्यात येत होतं. "फौजी चार घंटे बसले, कोनी जेवलं नाई, कोनी उठून बाहेर गेलं नाई. हे काय खरं? पन त्या जखमी पोट्ट्याच्या डोक्शावरचा गंज खरा व्हता. तसा गंज दुकानातून आनून होत नाई. वापरून वापरूनच तसा होते. तेवढं मले पटलं."

नातीने ते सगळं पुण्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती मोबाईल घेऊन आली. चेहरा पांढरा.

"आजी, तुह्या व्हिडिओवर त्यायनं लिवलं, 'हेल्मेटवरचा गंजही सुटला नाही! अमरावतीच्या आजींची तीक्ष्ण नजर.'"

"मंग? बरोबर हाय."

"काय बरोबर हाय? त्यायले वाटलं, हेल्मेटले जंग लागला म्हनून सांगून राह्यली तू."

आता हे सांगायला हवं. आमच्या वऱ्हाडात गंज म्हणजे भात-दूध ठेवायचं काठाचं खोल भांडं. लोखंडावर चढतो त्याला आम्ही जंग म्हणतो. पुण्याकडे त्यालाच गंज म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकले, आणि चौथीपर्यंतच्या पुस्तकात माझ्यापुढे कोणाचं लोखंड खराब झालं नव्हतं. त्या पोराचं हेल्मेट मला आमच्या जुन्या गंजासारखं दिसलं, ठिकठिकाणी चेपलेलं, म्हणून मी गंज म्हटलं.

खाली लोकांचं भांडण पेटलं होतं. नात वाचून दाखवत होती. एकाने लिहिलं होतं, आजकालची हेल्मेटं लोखंडाची नसतातच, म्हणजे सिनेमा खोटा. दुसऱ्याने लिहिलं, लढाई समुद्राकाठी असेल, खारी हवा असते. तिसऱ्याने विचारलं, आजी धातू शिकवायच्या का कॉलेजात? एक जण पुन्हा तिकीट काढून पाहून आला आणि त्याने लिहिलं की होय, मला गंज दिसला, कानाच्या वर डाव्या बाजूला. आमच्याकडच्या दोघांनी लिहिलं की बाप्पा, गंज म्हणजे भांडं. त्यांना बाकीच्यांनी झापलं, रणांगणावर भांडं कशाला येईल, विषय गंभीर आहे.

तेवढ्यात पुण्याहून फोन आला. साहेबाचा आवाज पंचविशीतला. "तुमच्या आजी म्हणजे कमाल आहेत! असं करा, अकोल्यात एखादे माजी सैनिक शोधा. त्यांना गंजाबद्दल विचारा. ते जमलं की तुमचं काम पक्कं समजा."

नातीने तोंड उघडलं, मिटलं, आणि "हो सर" म्हणाली.

"सांगतलं काहून नाई?" मी विचारलं.

"सांगतलं तं काम जाईल नं, आजी."

"अन् नाई सांगतलं तं?"

"तं लबाडी होईल."

"मंग ठरव. माह्यं डोकं नको खाऊ."

आम्ही एसटीने अकोल्याला गेलो. तिथे माझी धाकटी बहीण राहते. तिच्या गल्लीत एका माजी फौजीचं गाद्या भरायचं दुकान आहे. मुसलमान आहेत, साठीचे, मिशा अजून फौजेतल्या. बहीण नेहमी सांगायची की हा माणूस बर्फात राहून आला आहे. गल्लीतली पोरं त्याला सलाम ठोकतात. फौजी, नात आणि मी, तिघांनी मिळून सिनेमा पाहिला. मी दुसऱ्यांदा, तंगड्यांच्या वेळी पुन्हा डोक्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर नातीने मोबाईल धरला.

"चाचा, सिनेमा कसा वाटला?"

"आवाज बरोबर हाय. डर बी बरोबर हाय. लेकिन बेटा, कोनी जेवलंच नाई! भुकी फौज कैसी लडेगी?"

"पाह्य," मी म्हणाले, "मी तेच म्हनलं व्हतं."

नातीने श्वास घेतला. मला वाटलं आता ती जंग म्हणेल. ती म्हणाली, "अन् चाचा, गंज? फौजेत गंजाचं काय असते?"

फौजीचे डोळे चमकले. "गंज? अरे, गंज तं फौजेत सबसे बडा मामला! सोळा साल मी गंजच पाह्यला. रोज सकाळी-संध्याकाळी घासा लागे. जरा डाग दिसला का साहेब उलटा करून दाखवे, ये क्या है? ज्या पलटनीचा गंज साफ, ती पलटन साफ."

मी त्याच्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमी फौजेत काय करत व्हते?"

त्याने इकडे-तिकडे पाहिलं. गल्लीतलं कोणी नव्हतं. "लंगरात होतो, मावशी. स्वयंपाकी. घरी सांगू नका."

मला एवढं हसू आलं की थेटरच्या पायरीवर बसावं लागलं. नात मात्र हसली नाही. तिच्या हातात आता असा व्हिडिओ होता की पुण्याचे लोक वेडे झाले असते. खरा फौजी, खरा गंज, आणि शब्द न् शब्द चुकीचा कळणार. ती गाद्यांच्या दुकानात कापसावर बसून तासभर मोबाईल हातात घोळवत राहिली. मग पाठवून दिला. तिचं पोट, तिची नोकरी.

साहेब इतका खूश झाला की त्याने दुपारी चार वाजता फौजीला आणि मला थेट कार्यक्रमातच घेतलं. आम्ही फौजीच्या दुकानात गाद्यांच्या ढिगापुढे दोन खुर्च्यांवर बसलो. बहीण मोबाईल धरून होती, तिचा हात हलू नये म्हणून तिला उशीवर उशी रचून दिली. नात दाराशी नखं खात उभी.

"नमस्कार," साहेब मोबाईलमधून म्हणाला. "आजी, काका, आपलं स्वागत. काका, थेट विचारतो. असा गंज चढायला साधारण किती वेळ लागतो?"

"चढवाले?" फौजी म्हणाला. "काही वेळ नाई. चुल पेटली असली का पाच मिनिट."

साहेब थांबला. "चूल? म्हणजे उष्णतेमुळे चढतो?"

"उष्णता पाहिजेच नं, साहेब. बिना उष्णतेचा चढवून काय फायदा?"

"आणि गंज उतरवायला?"

"दोन मानसं. दोन्ही बाजूनं फडकं. हात भाजते."

"एका हेल्मेटला दोन माणसं?"

"हेल्मेट कुठून आलं बाप्पा मंधातच?" फौजी माझ्याकडे वळला. "मावशी, हे काय विचारून राह्यले?"

साहेबाने कागद खालीवर केले. "बरं, आजी, तुम्ही सांगा. त्या हेल्मेटवर जो गंज तुम्हाला दिसला, तो साधारण केवढा होता?"

"चार शेर दूध मावीन एवढा," मी म्हणाले.

मला खोटं बोलता आलं असतं. मी आयुष्यात पुष्कळदा बोलले आहे. पण त्याने केवढा म्हणून विचारलं, आणि मला माप येतं.

तेव्हा नात दारातून आली, माझ्या बहिणीच्या समोर वाकली आणि मोबाईलला म्हणाली, "सर, माहं चुकलं. गंज म्हणजे आमच्याकडे भांडं. दुधाचं. आजीले ते हेल्मेट भांड्यासारखं दिसलं. तुम्ही समजले तो जंग. मले कालपासून माहीत होतं, पन तुम्ही काम पक्कं म्हनले म्हनून मी बोलली नाई."

"जंग म्हणजे युद्ध ना?" साहेब म्हणाला.

"ते हिंदीत, सर."

"मग काका..."

"चाचा स्वयंपाकी होते," नात म्हणाली.

गल्लीतली आठ-दहा पोरं दुकानाबाहेर उभी राहून ऐकत होती. फौजीने मिशीवर हात ठेवला. "अरे, होतो तं होतो! बर्फात तुमच्या बापानं भात शिजवून दाखवावा! तीन घंटे लागते!" पोरांनी त्याला तिथल्या तिथे सलाम ठोकला. आधीपेक्षा जोरात ठोकला, असं बहीण म्हणते. मला तेवढाच वाटला.

मोबाईलमध्ये साहेब कपाळाला हात लावून बसला होता. मला वाटलं रडतो आहे. तो हसत होता. मग त्याने कार्यक्रम बंद केला.

नातीने दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन डावा खिसा शिवला. तिसऱ्या दिवशीही शिवला. घरी आली की भाकरी मोडून तशीच बसायची. मी म्हटलं, जेव. त्या पिच्चरमधल्यासारखी नको करू.

चौथ्या दिवशी फोन आला. ऑफिसातल्या मोठ्या बाईचा होता. ती म्हणाली, विदर्भातून येणारे आमचे अर्धे व्हिडिओ आम्ही आजवर समजल्यासारखं करून टाकत होतो. काय काय चुकलं असेल देव जाणे. तू खरं सांगितलंस, उशिरा सांगितलंस, पण सगळ्यांसमोर सांगितलंस. तिकडची माणसं बोलतील त्याच्याखाली आम्हाला कळेल असं मराठी लिहून द्यायला माणूस हवं आहे. येतेस का?

म्हणजे मराठीच्या खाली मराठी लिहायची नोकरी. अशी नोकरी असते हे मला माहीत नव्हतं. नातीने शिलाईची कात्री कारखान्यात परत केली आणि येताना पाव किलो जिलेबी आणली.

त्याच संध्याकाळी पहिलं काम म्हणून तिला माझाच जुना व्हिडिओ दिला. ती पलंगावर बसून टकटक करत होती. मी म्हटलं, वाच. मी त्यात बोलले होते, "फौजी चार घंटे बसले, कोनी जेवलं नाई, हे काय खरं?" तिने खाली लिहिलं होतं, "चित्रपटातील काही तपशील अधिक विश्वासार्ह असू शकले असते."

"हे मी कवा म्हनलं वं?"

"तूच म्हनलं, आजी."

"मी म्हनलं, उपाशी ठेवले."

"पुन्याले असंच लिवा लागते."

"मंग पुन्याले कसं कळीन का ते उपाशी होते?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग सगळं खोडून टाकलं आणि नव्याने लिहिलं, "सैनिक चार तास बसून होते, कोणी जेवलं नाही. हे खरं कसं?"

"आता बरोबर," मी म्हणाले आणि जिलेबीचा पुडा माझ्याकडे ओढला.